इंडेक्स होत नाही, झालं तर दिसत नाही, दिसलं तर क्लिक येत नाही

मासुंदाकाठ (धागाकर्ता)

ठाण्यात किंवा नवी मुंबईत पाच-दहा पानांची साइट चालवणारे म्हणजे क्लासवाले, पोळीभाजी केंद्र, पेस्ट कंट्रोल, फिजिओथेरपिस्ट, रबाळ्यातला लेथवाला. त्यांचे गूगल शोधात दिसण्याबद्दलचे प्रश्न दर थोड्या दिवसांनी नव्या धाग्यात येतात आणि उत्तरं 'कीवर्ड टाका, बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणारी लिंक) घ्या' इथेच अडकतात. म्हणून सगळं एका जागी. फक्त 'माझी साइट बघा' म्हणून लिंका टाकू नका, धाग्याचा उकिरडा होतो.

आधी अडलंय कुठे ते ठरवा. आजार तीन आहेत: पान इंडेक्समध्येच (गूगलच्या साठ्यात) नाही, इंडेक्समध्ये आहे पण वर येत नाही, वर येतं पण कोणी दाबत नाही. तिघांचं औषध वेगळं. बाजारात मात्र तिन्हींवर एकच काढा विकला जातो.

पहिल्याचं निदान सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच फुकट साधन) करायचं. गूगलवर 'साइट कोलन' लिहून येणारी यादी अपुरी असते, तिच्यावर जाऊ नका. प्रॉपर्टी जोडताना 'डोमेन' प्रकार घ्या आणि डीएनएसमध्ये (डोमेनची नोंदवही) गूगलने दिलेला टीएक्सटी रेकॉर्ड टाका, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, सगळं एकत्र दिसतं. मग वरच्या पट्टीत पानाचा पूर्ण पत्ता टाका, आणि उत्तर आलं की 'टेस्ट लाइव्ह यूआरएल' दाबून गूगलला मिळालेलं एचटीएमएल उघडा. तुमचा मजकूर त्यात शोधा. तो तिथे नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

उत्तरात दोन शेरे नेहमी दिसतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे पत्ता ठाऊक आहे, गूगलबॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) अजून फिरकलेला नाही. इथे मुख्य पानावरून त्या पानाकडे साधी लिंक द्या. मेन्यूतल्या मेन्यूत तीन पायऱ्या खाली दडलेलं पान उशिरा सापडतं. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे गूगलबॉट आला, पाहिलं, आणि ठेवून घ्यावंसं वाटलं नाही. इथे 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' रोज दाबण्याचा काहीही उपयोग नाही. पान बदलायला हवं. 'आम्ही दर्जेदार सेवा वाजवी दरात देतो' हे वाक्य गूगलने लाखो पानांवर वाचलेलं आहे.

वर्डप्रेसवाल्यांसाठी दोन गोष्टी. एक, 'सेटिंग्ज'मधल्या 'रीडिंग'मध्ये सर्च इंजिनांना परावृत्त करणारी चौकट असते. साइट बनवताना टिक केलेली ती चौकट नंतर तशीच राहते, आणि ही चूक वाटते त्याहून कितीतरी जास्त साइटवर सापडते. दोन, टॅगची पानं, लेखकाचं पान, प्रत्येक फोटोचं वेगळं अटॅचमेंट पान. सात पानांच्या साइटची अशी साठ पानं होतात. वर्डप्रेस ६.४ पासून (नोव्हेंबर २०२३) नव्या साइटवर अटॅचमेंट पानं मुळातच बंद असतात, पण जुन्या साइटवर ती चालूच राहतात. एसइओ (शोधात वर येण्यासाठीच्या) प्लगिनमधून बंद करा, आणि टॅग-लेखक पानांना नोइंडेक्स ('इंडेक्स करू नका' ही खूण) लावा.

दुसऱ्या-तिसऱ्या आजारावर जाणकारांनी लिहावं.

तीनशेएक

नोइंडेक्सबद्दल एक इशारा. अनेक जण तेच पान रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्येही (बॉटांनी काय उघडू नये ते सांगणारी फाइल) 'डिसअलाऊ' करतात, दुहेरी कुलूप म्हणून. होतं उलटं. गूगलबॉटला पान उघडायलाच मनाई केली तर आतला नोइंडेक्स त्याला दिसणार कसा? बाहेरून लिंक असेल तर नुसता पत्ता निकालात येऊ शकतो, वर्णनाशिवाय. काढायचं असेल तर नोइंडेक्स लावा आणि रोबोट्समधली मनाई उठवा.

शिवाय सर्च कन्सोलच्या 'सेटिंग्ज'मध्ये खाली 'क्रॉल स्टॅट्स' (गूगलबॉटच्या भेटींची नोंद) असतात, तिकडे फारसं कोणी जात नाही. ४०३ (सर्व्हरचा नकार) किंवा ५०० च्या घरातली (सर्व्हरचा बिघाड) उत्तरं जास्त दिसली तर स्वस्त होस्टिंगचं फायरवॉल किंवा सिक्युरिटी प्लगिन गूगलबॉटलाच चोर समजतंय. रोबोट्स फाइलचंही तसंच: ती सापडली नाही (४०४) तर गूगल सगळं खुलं धरतो, पण ती मागताना सर्व्हरने ५०० दिला तर आधी क्रॉलच थांबवतो. फायरवॉलमध्ये गूगलबॉटला सूट देताना नुसतं नाव बघू नका, ते कोणीही लावतं. आयपीचा रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव शोधणं) बघा, तो गूगलबॉट डॉट कॉमवर संपला पाहिजे, आणि त्या नावावरून उलट शोधल्यावर तोच आयपी परत आला पाहिजे.

घोडबंदरकर

सात पानांच्या साइटला साइटमॅप (पानांच्या पत्त्यांची यादी) लागतो का? एजन्सी त्याचे वेगळे पैसे लावतेय.

मासुंदाकाठ

@घोडबंदरकर, पैसे देऊ नका. मुख्य पानावरून सातही पानांना लिंक असेल तर साइटमॅपविना चालतं. असला तर नुकसान नाही, आणि वर्डप्रेस ५.५ पासून तो आपोआप बनतो. सर्च कन्सोलमध्ये एकदा पत्ता टाकायचा, संपलं. एका फाइलची मर्यादा ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी आहे, तुम्ही तिथवर पोचणार नाही. त्यातले 'प्रायॉरिटी' आणि 'चेंजफ्रिक्वेन्सी' हे रकाने गूगल वाचतच नाही. 'लास्टमॉड' वाचतो, तेही तारीख खरी असेल तर. 'रोज पिंग करतो' (साइटमॅप बदलल्याची गूगलला वर्दी देतो) असं कोणी सांगितलं तर ती सोय गूगलने २०२३ मध्येच मोडीत काढली. 'इंडेक्सिंग एपीआयने तासाभरात इंडेक्स' हेही तसलंच: ती वाट अधिकृतपणे फक्त नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांसाठी आहे.

अवांतर: मेटा कीवर्ड्स (पानाच्या कोडमध्ये दडवलेली शब्दांची यादी) अजून भरून देणारे आहेत. गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केलंय की क्रमवारीसाठी तो टॅग वापरत नाही.

खाडीपलीकडे

दुसऱ्या आजाराबद्दल. स्थानिक धंद्याला साइटपेक्षा नकाशातले तीन निकाल जास्त गिऱ्हाईक देतात, आणि तिथे तुमच्या हातात फार थोडं आहे. गूगल स्वतः तीन निकष सांगतो: सुसंगती, अंतर, प्रसिद्धी. अंतर तुम्ही बदलू शकत नाही. वर्तकनगरातल्या पेस्ट कंट्रोलवाल्याने कितीही आपटलं तरी वाशीत उभ्या असलेल्या माणसाला आधी वाशी-सानपाड्याचे धंदे दिसणार. हे कुणी 'फिक्स' करून देतो म्हणाला तर तो थाप मारतोय.

गूगल बिझनेस प्रोफाइलमधल्या (नकाशात दिसणारी धंद्याची नोंद) 'सर्व्हिस एरिया'त २० पर्यंत भाग टाकता येतात, पण ती माहिती गिऱ्हाइकासाठी. वीस नावं टाकली म्हणून वीस ठिकाणी नंबर लागत नाही. गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नसेल आणि तुम्ही घरून काम करत असाल तर पत्ता लपवायचा, नियमच तसा आहे. वाशी स्टेशनजवळ भाड्याने व्हर्च्युअल ऑफिस घेऊन दुसरं प्रोफाइल काढायचं सुचवणारे भेटतात. कामाच्या वेळेत तिथे तुमचं माणूस बसत नसेल तर ते नियमबाह्य आहे, आणि सस्पेन्शन आलं की रिव्ह्यूही डोळ्यांसमोरून जातात.

नाव पाटीवर आहे तेच. 'श्री गणेश पेस्ट कंट्रोल ठाणे वेस्ट बेस्ट टर्माइट ट्रीटमेंट' असं नाव काही दिवस वर दिसतंही, मग कोणीतरी 'सजेस्ट अॅन एडिट' करतं आणि प्रोफाइल गोत्यात येतं. खरा जोर श्रेणीवर द्या. मुख्य श्रेणी एक, अधिकच्या ९ पर्यंत. मुख्य श्रेणी जितकी नेमकी तितकं बरं: 'कोचिंग सेंटर'पेक्षा 'संगीत शिक्षक', जर गाणंच शिकवत असाल तर.

नवी मुंबईचा खास घोळ म्हणजे सेक्टर. 'सेक्टर १७' वाशीतही आहे आणि कोपरखैरण्यातही. नोडचं (वाशी, कोपरखैरणे अशा उपनगराचं) नाव न लिहिता 'सेक्टर, प्लॉट, नवी मुंबई' टाकलं की पिन दुसऱ्याच नोडमध्ये पडते आणि अंतराचा निकष तिथून मोजला जातो. प्रोफाइल बनवून झालं की पिन हाताने ओढून इमारतीच्या फाटकावर आणा. ठाण्यात हाच प्रकार घोडबंदर रोडचा. नुसतं 'घोडबंदर रोड' पुरत नाही. मानपाडा, ब्रह्मांड, कासारवडवली काय ते लिहा.

व्हिडिओने पडताळणी मागितली तर किमान ३० सेकंदांचं, एकसलग, न कापलेलं चित्रण लागतं. क्रम असा ठेवा: रस्त्याची किंवा सोसायटीची पाटी, मग दुकानाची पाटी, मग किल्लीने कुलूप उघडताना, मग आतलं सामान. घरून काम असेल तर हत्यारं, नाव छापलेलं बिलबुक, गाडीवरचं नाव. चेहरे आणि आधार-पॅनसारखी कागदपत्रं चित्रणात येऊ देऊ नका. पाटी नसली की बहुतेकांचं इथेच अडतं.

पारसिक

@खाडीपलीकडे, मग अंतरावर उतारा म्हणून साइटवर 'ऐरोलीत पेस्ट कंट्रोल', 'घणसोलीत पेस्ट कंट्रोल', 'तुर्भ्यात...' अशी वेगळी पानं करायला काय हरकत आहे? नकाशात नाही तर खालच्या निकालांत तरी येईल.

खाडीपलीकडे

मजकूर तोच आणि फक्त गावाचं नाव बदललेलं असेल तर गूगलच्या भाषेत ती 'डोअरवे' पानं, स्पॅमच्या नियमात बसतात. बहुतेक वेळा शिक्षा वगैरे होत नाही, त्यातलं एखादंच पान इंडेक्स होतं आणि बाकीची 'क्रॉल्ड'च्या यादीत पडून राहतात. भागाप्रमाणे काम खरोखर बदलत असेल तर पान करा. एमआयडीसीतल्या कारखान्याची कीड, सिडकोच्या जुन्या बैठ्या घरांतली वाळवी आणि टॉवरच्या डक्टमधली झुरळं ही तीन वेगळी कामं आहेत: औषध वेगळं, वेळ वेगळी, सोसायटीची परवानगी वेगळी. त्यावर तीन पानं होतात. वीस होत नाहीत.

पारसिक

पटलं.

उपवन

बॅकलिंकवर दोन शब्द. 'महिन्याला १०० हाय-डीए बॅकलिंक' या पॅकेजमधलं 'डीए' (डोमेन ऑथॉरिटी) हे मॉझ या कंपनीचं माप आहे, गूगलचं नाही. त्या लिंका कुठून येतात ते विचारा. परदेशी डिरेक्टऱ्या, बंद पडलेल्या डोमेनवर उभे केलेले ब्लॉग, फोरमच्या प्रोफाइल. २०१६ च्या पेंग्विन ४.० या बदलापासून गूगल असल्या लिंकांचं वजन शून्य धरतो, सहसा शिक्षा करत बसत नाही. थोडक्यात, तुम्ही शून्य विकत घेता. पैसे देऊन घेतलेल्या लिंकेला 'स्पॉन्सर्ड' अशी खूण हवी, नाहीतर हाताने कारवाई होऊ शकते. तशी झाली तर सर्च कन्सोलच्या 'मॅन्युअल अॅक्शन्स'मध्ये लिहून येतं. तिथे काही नसेल तर डिसअव्हाव टूलला (नको त्या लिंका नाकारायचं साधन) हात लावू नका. चांगल्या लिंका स्वतःच्या हाताने कापल्या जातात.

फुकटात मिळणाऱ्या आणि खऱ्या लिंका अशा: ज्या शाळेत शिबिर घेता तिची साइट, व्यापारी संघटनेची सभासद यादी, ज्या कंपनीचं सामान विकता तिचं 'अधिकृत विक्रेते' पान. गणेशोत्सव मंडळाला वर्गणी देताच, मंडळाची साइट असेल तर प्रायोजकांत नाव-लिंक मागा, तिलाही 'स्पॉन्सर्ड' लावा. लिंकेचं वजन नाही मिळालं तरी माणसं येतात.

रिव्ह्यूसाठी सवलत देऊ नका, नियमात बसत नाही. 'खूश असाल तर गूगलवर, नाराज असाल तर आम्हाला सांगा' अशी चाळणीही चालत नाही.

तीनशेएक

वेगाबद्दल कोणी बोललं नाही, आणि छोट्या साइटवाल्यांचे सर्वांत जास्त पैसे तिथेच जळतात. पेजस्पीडचं (वेग मोजायचं गूगलचं साधन) ते लाल-हिरवं गोल वर्तुळ प्रयोगशाळेतलं माप आहे, ९८ करून घेतलं म्हणून क्रम बदलत नाही. गूगल विचारात घेतो ती खऱ्या वापरणाऱ्यांची आकडेवारी: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा (एलसीपी), दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा (आयएनपी, मार्च २०२४ पासून एफआयडी या जुन्या मापाच्या जागी), आणि पान उड्या मारू नये (सीएलएस ०.१ च्या आत). ७५ टक्के भेटींत हे जमलं तर 'चांगलं'. रोज वीस-तीस माणसं येणाऱ्या साइटवर सर्च कन्सोल सरळ लिहितो की पुरेसा डेटा नाही. मग त्या ९८ चं करायचं काय?

तरी एक काम करा, गूगलसाठी नाही, लोकलमध्ये डगमगत्या नेटवर पान उघडणाऱ्यासाठी. फोनमधून चढवलेला ४ एमबीचा फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा, वेबपी प्रकारात, २०० केबीच्या आत आणा. पहिल्या पडद्यावरच्या चित्राला लेझी लोडिंग (चित्र गरज पडल्यावरच आणणं) लावू नका, तेच एलसीपी असतं. चित्रांना रुंदी-उंची लिहा. आणि तो पाच चित्रांचा सरकता स्लायडर काढा, तिसऱ्या चित्रापर्यंत कोणी थांबत नाही.

ऱ्हस्वदीर्घ

मराठी पानांचं काय, हे कोणीच लिहीत नाही म्हणून.

वर्डप्रेसमध्ये शीर्षक देवनागरी असेल तर पत्ताही देवनागरी बनतो. प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारसुद्धा, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट ३ अक्षरं खातो. म्हणजे एका चिन्हाला ९. वर्डप्रेसची स्लगची (पत्त्यातला शीर्षकाचा तुकडा) मर्यादा २०० अक्षरं. हिशेब करा: साधारण २२ चिन्हं. 'नवी मुंबईत सांधेदुखीवर उपचार' या शीर्षकाचा पत्ता 'नवी-मुंबईत-सांधेदुखीवर-उ' इथे तुटतो. 'उपचार'ऐवजी 'उपाय' असा दुसरा लेख लिहिलात तर त्याचाही तोच तुकडा, मागे २ लागून. शिवाय व्हॉट्सअॅपवर पाठवताना ती टक्क्यांची माळ बघून लोक लिंक दाबायला बिचकतात. प्रकाशित करण्याआधी स्लग रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत लिहा. आधीच प्रकाशित असेल तर उगाच बदलू नका. बदललात तर ३०१ (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण) लावा आणि किमान वर्षभर ठेवा.

दुसरं, जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीत टाइप केलेलं मेन्यूकार्ड साइटवर तसंच चिकटवलं तर पडद्यावर मराठी दिसेल, पण खाली रोमन अक्षरांचा पाला असतो आणि गूगल तो पालाच वाचतो. कन्व्हर्टरने युनिकोड करा, मग रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. मोडतोड नेमकी तिथे होते. 'बऱ्याच'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, दिसतो सारखाच, आणि साइटच्या स्वतःच्या शोधात एक लिहिलं तर दुसरा सापडत नाही. एकच कीबोर्ड वापरा.

तिसरं, नावं. देवनागरीत 'ठाणे' म्हटलं की पोलीस ठाणीही आली आणि जिल्हाही आला. 'वाशी' धाराशिव जिल्ह्यात आहे, 'बेलापूर' श्रीरामपुराकडेही आहे. रोमनमध्ये नेरूळ आणि नेरळ यांत एका अक्षराचा फरक. म्हणून पानावर एकदा तरी पूर्ण लिहा: 'वाशी, नवी मुंबई', 'ठाणे पश्चिम'. कोपरखैरण्याची रोमन स्पेलिंगं तीन-चार चालतात, ती सगळी पानात कोंबू नका, गूगलला कळतात.

मराठी आणि इंग्रजी एकाच पानात परिच्छेदागणिक मिसळण्यापेक्षा दोन पानं करा आणि एचरेफलँगने (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते सांगणारी खूण) जोडा, मराठीचा कोड 'एमआर'. खूण दोन्ही पानांवर हवी. एकाच बाजूने लावली तर गूगल धरत नाही. दर-वेळ-फोनसाठी लोक बहुधा रोमनमध्ये टाइप करतात, सल्ला शोधताना मराठीत. त्याप्रमाणे कोणतं पान कशात ते ठरवा.

घोडबंदरकर

२२ चिन्हांचं गणित माहीत नव्हतं. _/\_

सेक्टर सतरा

तिसरा आजार उरला. क्लिक.

आधी स्वतःचा नंबर स्वतःच्या फोनवर बघणं थांबवा. तुम्ही दुकानातच बसलेले असता, अंतर शून्य, अर्थात पहिले दिसता. गूगल अॅड्सच्या खात्यात 'अॅड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस' आहे, त्यात ठिकाण बदलून बघता येतं, जाहिरात न देता.

सर्च कन्सोलमधली 'पोझिशन' ही सरासरी असते. ठाण्यात ३ आणि नागपुरात ६० असाल तर ती ३० च्या आसपास दाखवेल, घाबरू नका. फार कमी लोकांनी विचारलेले शोध गोपनीयतेसाठी यादीतून वगळतात, म्हणून ओळींची बेरीज एकूण क्लिकांशी जुळत नाही. पडद्यावर १,००० ओळींपर्यंतच दिसतं आणि इतिहास १६ महिन्यांचा, तेव्हा दर वर्षी उतरवून ठेवा. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये इंप्रेशन्स (निकालात किती वेळा दिसलात तो आकडा) अचानक पडली असतील तर साइटला काही झालेलं नाही. एका पानावर १०० निकाल मागायची सोय गूगलने तेव्हा काढली, आणि त्या सोयीवर चालणाऱ्या रँक तपासनीस बॉटांची इंप्रेशन्स त्याबरोबर गेली.

क्लिक कमी होण्याचं खरं कारण निकालाचं पान आहे. वर जाहिराती, मग नकाशा, मग डिरेक्टऱ्या, आणि ऑगस्ट २०२४ पासून भारतात एआय ओव्हरव्ह्यूसुद्धा (गूगलने एआयकडून लिहून घेतलेलं उत्तर). 'पाण्याची टाकी किती दिवसांनी साफ करावी' याचं उत्तर माणूस तिथेच वाचतो आणि निघून जातो. रोबोट्समध्ये 'गूगल-एक्स्टेंडेड'ला मनाई केली की हे थांबतं असं सांगतात, ते चूक आहे. ती मनाई जेमिनीसाठी (गूगलचं वेगळं एआय) आहे. 'नोस्निपेट' ('पानातला मजकूर निकालात दाखवू नका' ही खूण) लावलंत तर ओव्हरव्ह्यूतून मजकूर जाईल, पण तुमच्या साध्या निकालाखालचं वर्णनही जाईल. छोट्या साइटला हा सौदा परवडत नाही.

एफएक्यू स्कीमाचे (निकालात प्रश्नोत्तरं दिसावीत म्हणून कोडमध्ये घालायची खूण) पैसे मागत असतील तर देऊ नका: ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने ती खुलणारी प्रश्नोत्तरं सरकारी आणि नावाजलेल्या आरोग्य साइटपुरती मर्यादित केली. स्वतःच्या साइटवर स्वतःच्या धंद्याचे तारे लावणंही २०१९ पासून दिसत नाही.

मग लिहायचं काय? जे वाचून माणसाला फोन करावाच लागतो ते. टाकीवाल्याने टाकीच्या लिटरप्रमाणे दर, गच्चीवरची आणि जमिनीखालची वेगळी, पाणी किती तास बंद राहील, आदल्या दिवशी सोसायटीने काय करायचं, पावसाळ्यात कोणत्या दिवशी येत नाही. एक तक्ता. 'पाण्याचे महत्त्व' हा निबंध काढून टाका.

मासुंदाकाठ

दर लिहिले की प्रतिस्पर्धी बघतो, हा आक्षेप येणारच.

सेक्टर सतरा

तो फोन करूनही विचारतोच की. :)

उपवन

धागा वर आलाच आहे तर मालकीचं लिहून ठेवतो, कारण एजन्सी सोडताना सगळे इथे अडकतात. डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे ते आजच रजिस्ट्रारच्या खात्यात बघा. 'आमच्या खात्यात ठेवलंय, काळजी नको' हे उत्तर चालवून घेऊ नका. सर्च कन्सोलमध्ये स्वतः डीएनएसने पडताळणी करा म्हणजे तुम्ही पडताळलेले मालक होता, एजन्सीला 'फुल यूजर' पुरतो. बिझनेस प्रोफाइलमध्ये 'प्रायमरी ओनर' तुम्ही, एजन्सी 'मॅनेजर'.

प्रोफाइल आधीच त्यांच्या नावावर असेल तर नवं काढू नका, दुहेरी होऊन दोन्ही अडकतील. आहे त्याच प्रोफाइलवर मालकीची विनंती पाठवा. त्यांना उत्तर द्यायला ३ दिवस मिळतात. उत्तर आलंच नाही तर स्वतः पडताळणी करून ताबा घ्यायचा पर्याय दिसू शकतो. ताबा मिळाल्यावर पहिले ७ दिवस जुन्या माणसाला काढता येत नाही, तेव्हा करार संपायच्या दोन आठवडे आधीच हे सुरू करा.